हाळीला ओ

ओतूरच्या आमच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. सांभाळतो म्हणजे बंद पडलेले माऊस बदलतो, पासवर्ड विसरलेल्या पोरांना नवा पासवर्ड काढून देतो, आणि पंख्याखाली डुलक्या घ्यायला आलेल्यांना उठवून बाहेर काढतो. माझं नाव सुदर्शन, पण ते पगारपत्रकापुरतं. बाकी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे मला भाऊच म्हणतात. कॉलेजात काही नवीन आलं की माझं डोकं फिरतं, कारण नवीन जे काही येतं ते शेवटी माझ्याच गळ्यात पडतं.

गेल्या वर्षी निर्मला मॅडमनी असंच एक नवीन आणलं. मॅडम इतिहास शिकवतात. वय कमी, आवाज बारीक, आणि नियमाला एकदम पक्क्या. आमच्याकडे निम्मी पोरं वर्गात येतच नाहीत. कुणी दुकानात कामाला, कुणाचं लग्न झालेलं, कुणाच्या घरी कांदा काढणी. मॅडमनी त्यावर उपाय काढला तो असा. फोनवर एक चित्र उघडायचं. त्याखाली मॅडमचा एक प्रश्न. मग ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा त्यानं बटण दाबून उत्तर बोलायचं, वाटलं तर तोंड दाखवून, नाहीतर नुसत्या आवाजात. चित्राच्या कडेनं प्रत्येकाचा एक गोल तयार होतो. गोलावर बोट ठेवलं की त्याचं बोलणं ऐकू येतं, आणि त्याला उत्तर म्हणून आपणही बोलू शकतो. एका वेळी दोन मिनिटं. दोन मिनिटं झाली की आवाज कट.

मी त्याला बोलका फळा म्हणायला लागलो आणि कॉलेजात तेच नाव पडलं. वर्षात पाच चित्रं, वीस गुण, पास व्हायला आठ. हजेरीही त्यातच धरायची असं ठरलं. हे सगळं पोरांना समजावून सांगायचं काम अर्थातच माझं.

गजराबाई लॅबमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. चाळिशी ओलांडलेली बाई, उन्हानं रापलेला चेहरा, पायात जाड वहाणा, खांद्याला कापडी पिशवी. मला वाटलं कुठल्यातरी पोराची आई फीचं विचारायला आलीय. त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "राम राम भाऊ. जेवला का?"

"अकरा वाजलेत बाई. काय काम आहे?"

"कामाचं सांगते की. पर जेवला का ते आदी सांगा."

मी नाही म्हणालो. मग त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि म्हणाल्या, "मी फस्ट इयरला हाय. बोलायचं कसं ते दावा."

त्यांची गोष्ट मला तुकड्यातुकड्यानं कळली, कारण पुढं महिनाभर फोनवर काही अडलं की त्या मलाच विचारायच्या. जन्म मेंढरांच्या वाड्यावरचा. आपल्या मनात वाडा म्हटलं की चौसोपी घर उभं राहतं, पण मेंढपाळांचा वाडा म्हणजे माळावर टाकलेलं बिऱ्हाड. एक घोडी, तिच्या पाठीवर भांडीकुंडी, मेंढरांभोवती जाळीचं कुंपण, आणि आज या वावरात तर उद्या त्या. शेतकरी मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात, रानाला खत मिळतं, मेंढक्याला चार पायल्या धान्य मिळतं. गजराबाई सातवीपर्यंत मावशीकडे राहून शिकल्या. पहिल्या नंबरात असायच्या. मग मावशी वारली, पोरगी परत वाड्यावर आली, आणि शाळेनं तिच्या नावापुढं लिहिलं, सतत गैरहजर. नाव कमी केलं.

लग्न झालं ते दादाभाऊंशी. ते माणूस भलं, पण बोलायचं मोजकं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी गजराबाईंनी बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, मग बारावी केली. मग कॉलेजात नाव घातलं, तर पहिल्याच वर्षी हजेरी भरली नाही म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. मेंढरं कोकणात उतरली होती, गजराबाई हजर राहणार कशा? हे दुसरं वर्ष होतं. त्यांनी मला एकदा सरळ सांगितलं, "भाऊ, या बारीला न्हाई झालं, तर मी परत फारम भरणार न्हाई. दोनदा गैरहजर लागली मी. तिसऱ्यांदा न्हाई लावून घेणार."

त्यांना कुठली नोकरी नको होती, कुठलं प्रमोशन नको होतं. आपलं नाव कुठंतरी हजर म्हणून लागावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. हे ऐकून मला वाईट वाटलं, पण मी ते दाखवलं नाही. लॅबवाल्यानं असं पाघळून चालत नाही.

पहिलं चित्र होतं नाणेघाटातल्या दगडी रांजणाचं. प्रश्न जुन्या व्यापारी मार्गांचा. पोरांनी पुस्तकातलं वाचून दाखवलं, काहीजण तर एकमेकांचं ऐकून तेच बोलले. गजराबाईंचा गोल तिसऱ्या दिवशी उमटला. मी लॅबमध्ये स्पीकरवर लावला. सात-आठ पोरं बसलेली होती.

"हॅलो. राम राम. मी गजराबाई बोलते. बरी हायेत का समदी?"

आणि मग शांतता. वारा ऐकू येत होता. लांब एक मेंढरू खोकलं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

"बरं. मॅडम, तुमी बऱ्या हायसा का?"

पुन्हा शांतता. एक घंटा वाजली, घोडीच्या गळ्यातली असावी.

"जेवला का समदी?"

तिसऱ्यांदा तीच शांतता, आधीच्यापेक्षा लांबच. मग त्या म्हणाल्या, "बरं. आता उत्तर सांगते." आणि चांगलं सुरू केलं, जकात, घाटवाट, कल्याणचं बंदर, अगदी पद्धतशीर. तीन वाक्यं झाली आणि दोन मिनिटं संपली. बोलका फळा मुका झाला.

पोरं हसून हसून बाकावर पडली. निर्मला मॅडमनी खाली टाईप केलं, "विषयाला धरून बोला. गुण एक." मॅडम त्या फळ्यावर कधी बोलायच्या नाहीत, फक्त टाईप करायच्या. 'नोंद घेतली', 'मुद्दा अपुरा', असं. त्यांचा गोल कायम रिकामा.

मी गजराबाईंना फोन लावला. म्हटलं, "बाई, प्रश्न विचारून गप्प कशाला बसता? तेवढ्यात वेळ जातो."

"इचारल्यावर म्होरच्याला बोलाया जागा नको का द्यायला?"

"समोर कुणी नाहीये बाई. ते नंतर ऐकतात."

"नंतर का हुईना, पर ऐकत्यात ना? मंग त्येंना जागा नको?"

मी कपाळावर हात मारून घेतला. या बाईला फळ्यावर बोलणं म्हणजे समोर माणूस आहे असंच वाटत होतं, आणि समोर माणूस असल्यावर त्याला मध्ये बोलू न देता दोन मिनिटं आपलंच दामटायचं, हे त्यांना उद्धटपणाचं वाटत होतं. मी परोपरीनं सांगितलं. त्या हो हो म्हणाल्या आणि दुसऱ्या चित्राला पुन्हा तेच केलं. फक्त "जेवला का" तेवढं शेवटी नेलं.

बरं, एवढ्यावरही थांबल्या असत्या तर ठीक. पण त्या प्रत्येक पोराचं ऐकायच्या आणि प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. एकालाही सोडायच्या नाहीत. "हर्षाली, पोरी, तुझा आवाज बसलाय, गूळ-सुंठ खा." "सार्थक, लेकरा, तू लई घाईनं बोलतो, कोण मागं लागलंय का?" हर्षाली म्हणजे वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. सार्थक तिकडं आदिवासी पट्ट्यातून आलेला, ओतूरला खोली घेऊन एकटा राहणारा, बोलताना मान वर न करणारा मुलगा. पोरं आधी या उत्तरांची नक्कल करायची. मग काय झालं कोण जाणे, सकाळी आल्या आल्या फळा उघडून मावशींनी आपल्याला काय म्हटलंय ते बघायला लागली. मावशी हे नावही त्यांनीच दिलं. मीही बघायचो. मला काही नसायचंच, पण बघायचो.

एकदा दिवाळीच्या आधी मला गजराबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊ, त्या सार्थकची ओ आली न्हाई."

"कसली ओ?"

"मी त्येला तीनदा बोलले. त्यो बोलला न्हाई. जरा बघून या."

"अहो, पोरगं आहे. कंटाळा आला असेल. चार्जिंग संपलं असेल."

त्यांचा आवाज एकदम चढला. "भाऊ, डोंगरात मेंढरं पांगली म्हंजी ह्या सोंडंवरून एकानं हाळी द्यायची, त्या सोंडंवरून दुसऱ्यानं ओ द्यायची. ओ न्हाई आली तर आमी चार्जिंग इचारत न्हाई. हातातली भाकर खाली ठिवतो आन् उठतो. जा तुमी."

मी चडफडत गेलो. दार आतून लावलेलं होतं. बराच वेळ वाजवल्यावर सार्थकनं उघडलं तेव्हा तो तापानं फणफणत होता. दोन दिवस पाण्याशिवाय काही पोटात नव्हतं. डॉक्टर म्हणाले डेंगू आहे, आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं. मी त्याच्या घरी कळवलं, सलाइन लागेपर्यंत बसलो, आणि मग गजराबाईंना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. आता तुमी जेवा."

त्या दिवसापासून त्यांच्या त्या रिकाम्या जागांवर वर्गात कुणी हसलं नाही.

मॅडम मात्र गुणांच्या बाबतीत हलल्या नाहीत. त्यांचंही चूक नव्हतं. ही गुणांची नोंद वरून तपासली जाते, आणि बोलण्यात विषय नसेल तर गुण द्यायचे कशाचे? एप्रिल उजाडेपर्यंत चार चित्रं झाली होती आणि गजराबाईंचे सगळे मिळून सात गुण होते. आठ लागत होते. पाचवं चित्र बाकी होतं.

ते चित्र होतं एका जुन्या मुलींच्या शाळेचं. काळापांढरा फोटो, ओळीनं बसलेल्या मुली, मागं उभी मास्तरीण. मॅडमचा प्रश्न असा होता की या शाळेपर्यंत कोण पोचू शकलं नाही, आणि का. मला वाटलं गजराबाई यावर धो धो बोलतील. पोरांनी भराभर उत्तरं टाकली. गजराबाईंचा गोल मात्र उमटला नाही. पोरांच्या उत्तरांना त्यांची उत्तरंही आली नाहीत. एक दिवस, दोन दिवस, असे चार-पाच दिवस गेले.

शनिवारी दुपारी हर्षाली लॅबमध्ये आली. हातात वही नाही, काही नाही. म्हणाली, "भाऊ, मावशींची ओ येत नाहीये."

"रेंज नसेल."

"मी सात वेळा बोलले त्यांना. फोन लावला तर बंद येतोय. सार्थकनं लावला, त्यालाही बंद." तिच्या मागं सार्थक उभा होता, मान खाली घालून. तो म्हणाला, "भाऊ, जाऊन बघू."

मी सगळ्यात आधी मॅडमकडं गेलो, कारण अंतर्गत गुण त्याच दिवशी विद्यापीठाच्या साईटवर भरायचे होते. मॅडम स्टाफरूममध्ये कॉम्प्युटरसमोर बसलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाकी सगळ्यांचे भरलेत. त्यांचा एक रकाना मोकळा ठेवलाय. सहाला साईट बंद होते. त्याच्यापुढं माझ्या हातात काही नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "मलाही काळजी वाटतेय, भाऊ. पण त्या काही बोलल्याच नाहीत तर मी गुण कुठून आणू?"

आम्ही निघालो. हर्षाली माझ्या स्कूटरवर, सार्थक मित्राची गाडी घेऊन. जायचं कुठं हा प्रश्न होता. ज्याचं घर रोज चालतं त्याचा पत्ता कुणाला विचारायचा? पण हर्षालीला आठवलं की पंधरवड्यापूर्वी मावशी बोलल्या होत्या, आता आमी अवसरी बुद्रुकला हाय, गेणभाऊंच्या रानात. गेणभाऊ हर्षालीच्या आईचे चुलते निघाले. नारायणगाव, मंचर करत आम्ही अवसरी बुद्रुकला पोचलो तेव्हा गेणभाऊ बराखीत, म्हणजे चाळीत, कांदा भरत होते.

"मेंढरं? गेली की. माझं रान बसवून झालं, मंग अवसरी खुर्दच्या भगवंतानं बोलावलं. त्येला जाऊन इचारा. पर पावणं, च्या तरी घ्या."

चहा घेतल्याशिवाय सुटका नव्हती. मी घड्याळ बघत घोट घेतले. अवसरी खुर्दला भगवंत सापडले ते इंजिनिअरिंग कॉलेजच्या पुढं, हरभऱ्याच्या मोकळ्या रानात. ते म्हणाले, "बिबट्या लागला राव. माझ्याच वावरातनं रात्रीचं दोन कोकरं उचलली. दादाभाऊ म्हणला, हितं न्हाई थांबत. कालव्याच्या पलीकडं माळावर गेलीत. आसंच सरळ जा. माळ चढला की घोडी दिसंल."

हे त्या लोकांचं बरं असतं. मेंढरं कुणीतरी बोलावल्याशिवाय कुठं बसत नाहीत, त्यामुळं प्रत्येकाला पुढचं ठाऊक असतं. आपल्याकडं शेजारच्या फ्लॅटमधला माणूस कुठं गेला ते सांगता येत नाही.

कालव्याला उन्हाळी पाणी सुटलेलं होतं, काठोकाठ. पूल ओलांडून आम्ही माळावर चढलो. आधी घोडी दिसली, तिच्या पाठीवर बांधलेली सोलरची पाटी चमकत होती. मग जाळीतली कोकरं दिसली. आणि मग गजराबाई दिसल्या, चुलीपुढं बसलेल्या, हातात भाकरीचं पीठ. एवढं हायसं वाटलं मला, की मी रागानं ओरडलोच, "बाई, अहो फोन कुठाय तुमचा?"

त्या ताडकन उठल्या. आम्हा तिघांना बघून दोन पावलं पुढं आल्या. पिठाचा हात तसाच, म्हणाल्या, "कोण आजारी हाय? कोणाची ओ आली न्हाई?"

हर्षाली म्हणाली, "तुमची, मावशी." आणि रडायलाच लागली.

गजराबाईंना आधी काही समजेना. आपल्याला कुणी शोधत येईल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाळीला धावलेली बाई, आपण गप्प झालो तर कुणी उठेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्या हर्षालीच्या पाठीवरून पिठाचाच हात फिरवत राहिल्या. "येडी हाय का? रडती कशाला? मी धडधाकट हाय. फोन गेला फकस्त."

फोन कालव्यात गेला होता. बिबट्याच्या धास्तीनं मेंढरं पुलावरून घाईनं घातली, एक कोकरू घसरून पाण्यात पडलं, गजराबाई काठावर आडव्या झाल्या, कोकरू हाताला लागलं आणि गळ्यातल्या पिशवीतला फोन पाण्यात. सगळ्यांचे नंबर त्याच फोनात. दादाभाऊ फोन ठेवत नाहीत, बायको ठेवते की, असं म्हणतात. दीर भागू लग्नासाठी गावाकडं गेलेला. बिबट्या आसपास असताना नवऱ्याला एकट्याला मेंढरांत सोडून ओतूर गाठायचं कसं?

"सोमवारी भागू येणार हाय. मंग जाऊन मॅडमचं पाय धरणार व्हते," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं की सोमवारी काही उपयोग नाही. आज सहाला बंद होतंय. तेव्हा पाच वाजून गेले होते. गजराबाई खाली बसल्या. हातातला पिठाचा गोळा परातीत ठेवला आणि म्हणाल्या, "मंग गेलं म्हणायचं." रडल्या नाहीत.

"गेलं कशाला? पासवर्ड काढून द्यायलाच तर मला कॉलेज पगार देतंय," मी म्हणालो. हर्षालीच्या फोनवरून त्यांचं खातं उघडायला रेंज लागत होती, आणि रेंज होती माळाच्या एका उंचवट्यावरच, तीही दगडावर उभं राहिल्यावर. सार्थक दगडावर चढला. मी नवा पासवर्ड काढला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चित्र उघडलं.

गजराबाईंनी ते आत्ताच पहिल्यांदा बघितलं. पदराला हात पुसून फोन जवळ घेतला आणि त्या मुलींकडं बघत बसल्या. आमचा जीव वरखाली. पण त्या काही घाई करेनात. शेवटी म्हणाल्या, "आदी जेवा. माझ्या दारात आलेली मानसं. उपाशी ठिवून मी काय बोलू?"

"मावशी!" दोघंही एकदम ओरडली.

"मी बोलती की. तुमी जेवता जेवता मी बोलती. भाकरी झाल्यात." आणि खरोखर त्यांनी आमच्या हातात भाकरी, त्यावर लसणाची चटणी आणि मेंढीच्या दुधाचं दही दिलं. आम्ही तिथंच, त्या उंचवट्यावर, दगडाभोवती बसलो. सार्थक म्हणाला, "मावशी, एक करा. आधी उत्तर, मग विचारपूस." त्या बरं म्हणाल्या.

बटण दाबलं.

"मी गजराबाई बोलते. ह्या शाळंत ज्या पोरी पोचल्या न्हाईत त्येंची कारणं पुस्तकात दिल्यात. एक, घरचं सोडत नव्हते. दोन, जातीमुळं बसू देत नव्हते. तीन, ल्हानपणी लग्न करत. हे समदं खरं हाय. पर एक कारण पुस्तकात न्हाई. शाळा एका जाग्यावर ऱ्हाती. काही मानसांचं घर चालतं. ती पोरगी शाळंत येती तवा तिचं घर फुडं गेल्यालं आसतं. मंग ती घराकडं जाती. तवा शाळंत तिला गैरहजर लावत्यात. ती कुटंतरी हजर आसती, पर तिथं हजेरी घ्यायला कुणी नसतं. फोटूत ज्या दिसत्यात त्या मला बऱ्या वाटल्या. पर मी दिसत न्हाई त्या पोरींकडं बघत व्हते. झालं माझं."

आम्ही चावायचे थांबलो होतो. अजून वेळ शिल्लक होता. आणि मग गजराबाई आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बरी हायेत का समदी? जेवला का?"

आणि थांबल्या.

वर्षभर मी त्या रिकाम्या जागा ऐकल्या होत्या. वारा, घंटा, खोकणारं मेंढरू, आणि कुणीच नाही. या वेळी भरल्या तोंडानं हर्षाली म्हणाली, "जेवतोय मावशी." सार्थक म्हणाला, "जेवतोय." मान वर करून म्हणाला. मी कधी त्या फळ्यावर बोललो नव्हतो, लॅबवाल्याचं तिथं काय काम, पण माझ्याही तोंडातून निघालं, "जेवतोय बाई, चटणी तिखट आहे." आणि माळाच्या पार पलीकडून, मेंढरांच्या मागून, दादाभाऊंची लांबलचक ओ आली. त्यांना काय ऐकू गेलं असेल देव जाणे. हाळीसारखं काहीतरी कानावर पडलं, त्यांनी ओ दिली.

दोन मिनिटं संपली. सार्थकनं फोन डोक्यावर धरला. पाठवायचं चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि बोलणं गेलं एकदाचं.

मग आम्ही वाट बघत बसलो. मी मॅडमना फोन लावला तर त्या उचलेनात. सहाला दहा कमी. गजराबाईंनी मला आणखी अर्धी भाकरी वाढली. मी ती नको असताना खाल्ली.

तेवढ्यात हर्षालीचा फोन वाजला. चित्राच्या कडेला एक नवा गोल उमटला होता. नाव होतं निर्मला मॅडमचं. सार्थकनं फोन खाली दिला आणि हर्षालीनं त्या गोलावर बोट ठेवलं. टाईप केलेलं काही नव्हतं. आवाज होता. बारीक, जरा घोगरा झालेला.

"गजराबाई, मी निर्मला. मी बरी आहे. अजून जेवले नाही. दुपारपासून इथंच बसलेय. तुमचे गुण भरते आणि मग जेवते."

हर्षाली किंचाळली. सार्थकनं दगडावरून उडी मारली. माझ्या चष्म्यावर काय आलं ते पुसायला मी पाठ फिरवली. गजराबाईंनी हर्षालीच्या हातातून फोन घेतला, तोंडाजवळ धरला, आणि कळवळून म्हणाल्या, "अवो बाई, दुपारधरनं उपाशी? गुण कुटं पळून चाललेत? आदी जेवा, मंग भरा!"

नशीब, त्यांनी बटण दाबलं नव्हतं.